‘रन’ या एका इंग्रजी शब्दाचे किती अर्थ? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजी शिकणारे, भाषांतराची कामं नव्याने घेणारे आणि मुलांचा अभ्यास घेताना अडलेले आईवडील ‘रन’बद्दल जे प्रश्न मला पुन्हापुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. मी इंग्रजीतून मराठीत भाषांतरं करते आणि या शब्दाने मला एकदा चांगलंच तोंडघशी पाडलं आहे. तो किस्सा पुढे येईलच. इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत लिहिली आहेत, मोठ्याने वाचली की लगेच ओळखू येतील.

‘रन’ म्हणजे धावणं. यात एवढं विचारण्यासारखं काय आहे?

एका माणसाची सकाळ बघा. उठला तेव्हा ‘हिज नोज वॉज रनिंग’. अंगावर हात ठेवला तर ‘ही वॉज रनिंग अ टेम्परेचर’. बाथरूमचा नळ रात्रभर ‘वॉज लेफ्ट रनिंग’. स्वयंपाकघरात गेला, तर दूध ‘हॅड रन आउट’. घड्याळ पाहिलं, ‘ही वॉज रनिंग लेट’. म्हणून ‘ही रॅन फॉर द बस’. पण त्या दिवशी बस ‘वॉज नॉट रनिंग’. स्टॉपवर ‘ही रॅन इनटू ॲन ओल्ड फ्रेंड’, जो आता स्वतःचा कारखाना ‘रन्स’.

आता हेच मराठीत सांगा. नाक वाहत होतं, अंगात ताप होता, नळ चालू राहिला होता, दूध संपलं होतं, उशीर होत होता, बससाठी धावला, बस बंद होती, जुना मित्र अचानक भेटला, तो कारखाना चालवतो. इंग्रजीत नऊ वेळा ‘रन’ आणि त्यात पायांनी धावला तो एकदाच. उरलेल्या आठ ठिकाणी ‘धावणे’ लिहिलंत तर वाक्य एक तर हास्यास्पद होतं, नाही तर चुकीचं.

नेमके किती अर्थ आहेत? कुणी मोजले आहेत का?

मोजले आहेत. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशाची दुसरी आवृत्ती १९८९ साली निघाली. तिच्यात सर्वांत लांब नोंद ‘सेट’ या क्रियापदाची होती, सुमारे ४३० अर्थछटा आणि जवळपास ६०,००० शब्दांची. तिसऱ्या आवृत्तीचं काम सुरू झाल्यावर ‘मेक’, मग ‘पुट’ यांच्या सुधारलेल्या नोंदी लांबत गेल्या आणि २०११च्या सुमारास पहिला नंबर ‘रन’ने पटकावला. नुसत्या क्रियापदाच्या ६४५ अर्थछटा. नाम म्हणून असलेले अर्थ त्यात धरलेलेच नाहीत. पीटर गिलिव्हर या संपादकांना ही एक नोंद तयार करायला सुमारे नऊ महिने लागले.

आकडा ऐकून घाबरू नका. शब्दकोशकार बोट ‘रन’ होणं, कुंपण ‘रन’ होणं आणि अफवा ‘रन’ होणं हे तीन अर्थ वेगळे मोजतो. बोलणाऱ्याच्या डोक्यात मात्र ही सगळी एकाच खोडाची फांदोरी असते.

मग ते खोड कोणतं? मूळ अर्थ धावणंच ना?

धावणं आणि वाहणं, दोन्ही. अगदी जुन्या इंग्रजीतल्या ‘रिन्नन’ या क्रियापदात पाणी वाहणंही होतं आणि प्राण्यामाणसांचं धावणंही. जर्मनमध्ये आजही ही जोडी शेजारी शेजारी दिसते. तिथे ‘रेनन’ म्हणजे धावणं आणि ‘रिनन’ म्हणजे पाणी वाहणं, झिरपणं. त्यामुळे ‘द रिव्हर रन्स’ ही काही कवीची कल्पना नाही, नदीला धावणाऱ्या माणसाची उपमा वगैरे दिलेली नाही. पाणी पहिल्यापासूनच या शब्दात आहे. काही व्युत्पत्तिकार तर हे मूळ संस्कृतातल्या ‘रीति’शी जोडतात, ज्याचा एक जुना अर्थ प्रवाह असा होता. तसं असेल तर आपली ‘रीत’ ही ‘रन’ची लांबची बहीण ठरते.

पण मला जास्त उपयोगाची वाटते ती दुसरी गोष्ट. जुन्या इंग्रजीत खरं तर दोन क्रियापदं होती. एक ‘रिन्नन’, म्हणजे स्वतः धावणं, आणि दुसरं ‘अर्नन’, ज्यात घोडा दौडवणं, घोड्यावरून दौडत जाणं असा अर्थ होता. आपण कसं पळणे आणि पळवणे, चालणे आणि चालवणे असं म्हणतो, साधारण तसंच. काळाच्या ओघात दोन्ही मिसळून एकच ‘रन’ झालं. मराठीने ही जोडी जपली, इंग्रजीने गमावली. म्हणूनच ‘द मशीन रन्स’ म्हणजे मशीन चालतं आणि ‘शी रन्स द मशीन’ म्हणजे ती मशीन चालवते. इंग्रजीत शब्द तोच, आपल्याकडे ‘व’ मध्ये येतो. भाषांतर करताना पहिला प्रश्न हाच विचारावा, आपोआप होतंय की कुणी तरी करतंय?

‘कलर्स मे रन’ म्हणजे रंग धावतील?

हाच तो किस्सा. मी या कामात नवीन होते. कपड्यांच्या एका कंपनीच्या लेबलांचं भाषांतर आलं होतं, शंभरेक छोट्या छोट्या ओळी, संदर्भ काही नाही, फक्त एक तक्ता. कितव्या तरी ओळीत होतं, ‘कलर्स मे रन’. संध्याकाळ झाली होती, हात सवयीने चालत होता. मी लिहिलं, ‘रंग धावू शकतात’. दुसऱ्या दिवशी तपासणाऱ्या बाईंचा शेरा आला, ‘कुठे?’

एवढाच. बाकी काही नाही. आजही कुठल्याही वाक्यात ‘रन’ आलं की तो एक शब्द मला ऐकू येतो.

मराठीत कपड्याचा रंग जातो, उतरतो किंवा एका कपड्याचा दुसऱ्याला लागतो. हे सगळे ‘रन’ वाहण्याच्या अर्थाचे. नाक वाहतं, डोळ्यांतून पाणी येतं, काजळ पसरतं, मेण ओघळतं, शाई फुटते. बघा, प्रत्येक पातळ पदार्थाला मराठीने वेगळं क्रियापद दिलंय आणि ते पदार्थ कसा हलतो यावरून ठरतं. ‘शाई ओघळली’ म्हटलं की वेगळं चित्र दिसतं आणि ‘शाई फुटली’ म्हटलं की कागदावर पसरणारी झालर दिसते. इंग्रजीला दोन्हीकडे ‘रन’ पुरतं. त्यामुळे इथे शब्दकोश फार मदत करत नाही, वस्तू डोळ्यांसमोर आणावी लागते.

चालणे, चालवणे यांच्या खात्यात काय काय येतं?

सर्वांत मोठं खातं हेच. मशीन, इंजिन, पंखा, गाड्यांच्या फेऱ्या, संस्था, दुकान, घर, सरकार, शिबिर, चाचणी, कॉम्प्युटरवरचा प्रोग्राम. ‘द ट्रेन रन्स एव्हरी टेन मिनिट्स’ म्हणजे गाडी दर दहा मिनिटांनी असते. इथे ‘धावते’ही चालतं, बातम्यांमध्ये ‘विशेष गाड्या धावणार’ असं सर्रास लिहितात आणि ते कानाला खटकतही नाही. पण ‘दर दहा मिनिटांनी धावते’ म्हटलं तर मधली नऊ मिनिटं ती उभी असते की काय असं वाटतं.

चित्रपट दोन तास ‘रन्स’, म्हणजे चालतो. करार तीन वर्षं ‘रन्स’, म्हणजे त्याची मुदत तीन वर्षं. रस्ता नदीच्या कडेने ‘रन्स’, म्हणजे जातो. वृत्तपत्र बातमी ‘रन्स’, म्हणजे छापतं. एखादा गुण घराण्यात ‘रन्स’, म्हणजे तो रक्तातच असतो. पाठीच्या कण्यातून शहारा ‘रन’ झाला, तर आपल्या अंगावर काटा येतो आणि मराठी माणूस पाठीचा कणा वगैरे बोलत बसत नाही.

कॉम्प्युटरच्या बाबतीत ‘प्रोग्राम रन कर’ हेच आता मराठी आहे. तिथे ‘कार्यान्वित करा’ लिहिणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडून दिलंय, पण वाचणारा अडखळतो हे खरं. ‘चालवून बघ’ हा साधा पर्याय कुणालाच कसा सुचत नाही, कोण जाणे.

निवडणुकीत उमेदवार ‘रन’ करतो, मग आपण ‘उभा राहतो’ का म्हणतो?

हा माझा आवडता प्रश्न. अमेरिकेत उमेदवार पदासाठी ‘रन’ करतो, ब्रिटनमध्ये तोच उमेदवार पार्लमेंटसाठी ‘स्टँड’ करतो. एकीकडे शर्यत, दुसरीकडे उभं राहणं. आपल्याकडे निवडणुका ब्रिटिश अमदानीत आल्या, त्यामुळे आपलं ‘निवडणुकीला उभं राहणं’ ब्रिटिश ‘स्टँड’शी जुळतं, यात नवल नाही. त्यामुळे ‘शी इज रनिंग फॉर प्रेसिडेंट’चं मराठी ‘ती अध्यक्षपदासाठी निवडणूक लढवते आहे’ किंवा ‘उभी आहे’. बातम्यांमध्ये ‘अध्यक्षपदाच्या शर्यतीत’ असं येतं, तेही ठीक. ‘अध्यक्षपदासाठी धावते आहे’ मात्र नको.

गंमत म्हणजे आपण लढतो, ते धावतात आणि तिसरे नुसते उभे राहतात. काम एकच.

‘रन आउट’ म्हणजे नक्की काय? क्रिकेटमधलं, संपणं की बाहेर पळणं?

तिन्ही, आणि आणखी दोन. इथे शब्द बदलत नाही, शेजारचे शब्द बदलतात. पाच वाक्यं एकाखाली एक ठेवून बघा.

‘ही रॅन आउट ऑफ द हाउस.’ तो घरातून धावत बाहेर पडला.
‘ही रॅन आउट ऑफ पेट्रोल.’ त्याचं पेट्रोल संपलं.
‘ही वॉज रन आउट.’ तो धावबाद झाला.
‘द लीज रॅन आउट.’ भाडेकराराची मुदत संपली.
‘ही रॅन आउट ऑन हिज फॅमिली.’ घरच्यांना वाऱ्यावर सोडून तो निघून गेला.

पहिली दोन वाक्यं ‘ऑफ’पर्यंत हुबेहूब सारखी आहेत. ‘ऑफ’नंतर जागा आली तर माणूस बाहेर पडतो, वस्तू आली तर ती संपते. आणि बघा, दुसऱ्या वाक्यात मराठीने कर्ताच बदलला. इंग्रजीत माणूस संपवतो, मराठीत पेट्रोल संपतं आणि माणूस नुसता ‘त्याचं’ एवढ्यापुरता उरतो. हा बदल केला नाही की भाषांतर लगेच भाषांतर वाटू लागतं. तिसऱ्या वाक्यात ‘वॉज’ आहे, म्हणजे त्याला कुणी तरी बाद केलं. पाचव्यातला ‘ऑन’ फसवा आहे. तो दिसला की समजावं, कुणाच्या तरी डोक्यावर ओझं टाकून कुणी तरी पळालंय.

क्रिकेटमध्ये चौकार मारला तर कुणी धावत नाही. तरी त्या धावा कशा?

कारण ‘रन’ आधी कृती होती, मग एकक झालं. दोन्ही फलंदाजांनी एकमेकांच्या टोकाला पोहोचायचं, ती एक धाव. चेंडू सीमेपार गेला तर धावण्याचे कष्ट माफ आणि चार किंवा सहा थेट खात्यावर जमा. वाइड आणि नो-बॉलची एकेक धाव तर कुणी हललं नाही तरी मिळते. उलट खरोखर धावूनही धाव मिळत नाही असंही होतं. वळताना बॅट किंवा शरीर क्रीजच्या रेषेपलीकडे टेकलं नाही तर पंच ती ‘शॉर्ट रन’ ठरवतात आणि मोजत नाहीत.

बेसबॉलवाले याबाबतीत जास्त प्रामाणिक म्हणायचे. ‘होम रन’मध्ये चेंडू प्रेक्षकांत जाऊन पडला तरी फलंदाजाला चारही बेसना पाय लावत पूर्ण फेरी मारावीच लागते.

मराठी क्रीडा पत्रकारितेने या शब्दाचं चांगलं पीक काढलंय. धावफलक, धावगती, धावबाद, धावसंख्या, अवांतर धावा. हे शब्द कुणालाही समजावून सांगावे लागत नाहीत. ‘रनर’ मात्र रनरच राहिला. जखमी फलंदाजाच्या बदल्यात धावणारा हा गडी आंतरराष्ट्रीय सामन्यांतून २०११ साली बाद झाला, त्यामुळे त्याला मराठी नाव शोधायची निकडही संपली.

अर्थविषयक बातम्यांत ‘रन ऑन द बँक’ येतं. बँकेवर कोण धावतं?

ठेवीदार. बँक सगळ्या ठेवी तिजोरीत ठेवून बसत नाही. बरेचसे पैसे कर्जाऊ दिलेले किंवा गुंतवलेले असतात. एरवी रोज थोडेच लोक पैसे काढतात म्हणून काही अडत नाही. पण बँक बुडणार अशी कुणकुण लागली की सगळेच एकदम येतात आणि चांगली बँकही त्या गर्दीने अडचणीत येते. भीती खरी असो की खोटी, गर्दी ती खरी करून टाकते. २००७च्या सप्टेंबरमध्ये ब्रिटनमधल्या नॉर्दर्न रॉक बँकेच्या शाखांबाहेर अशा रांगा लागल्या होत्या. २०२३ साली अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेवर आलेली ‘रन’ वेगळी होती. ९ मार्च या एका दिवसात ठेवीदारांनी सुमारे ४,२०० कोटी डॉलर काढायला लावले, बहुतेकांनी जागेवरून न उठता.

मराठीत यासाठी ‘पैसे काढण्यासाठी झुंबड’ हे सर्वांत बरं. ‘बँक धाव’ असा शब्द मी एका मसुद्यात पाहिला होता. तो वाचून मॅरेथॉनची जाहिरात वाटते.

‘रन’च्या मागे येणारे ते छोटे शब्द पाठ करायचे का?

यादी करून पाठ करू नका, दोन दिवसांत विसराल. वाक्यासकट लक्षात ठेवा. ‘रन इनटू’ माणसाशी आलं तर अचानक भेटणं, भिंतीशी आलं तर धडकणं, अडचणीशी आलं तर सापडणं. ‘रन ओव्हर’ गाडीबद्दल असेल तर कुणी तरी चाकाखाली आलं, भांड्याबद्दल असेल तर उतू गेलं, सभेबद्दल असेल तर लांबली. ‘रन थ्रू’ म्हणजे एकदा नजरेखालून घालणं किंवा नाटकाची सलग तालीम. ‘रन इट बाय मी’ म्हणजे मला एकदा सांग, माझ्या कानावर घाल.

‘रन डाउन’ मात्र थांबून बघण्यासारखं आहे. गाडीने उडवलं, ‘रन डाउन’. बॅटरी उतरली, ‘रन डाउन’. कुणाची निंदा केली, ‘रन डाउन’. इमारत पडायला आली, तीही ‘रन-डाउन’. आणि आजारपणानंतर माणूस म्हणतो, ‘आय फील रन-डाउन’, म्हणजे अंगात त्राण नाही. सगळीकडे काही तरी खाली खाली जातंय, हे एक सूत्र धरलं तर यातला एकही अर्थ पाठ करावा लागत नाही. त्याच शब्दाचं नाम जोडून लिहिलं, ‘रनडाउन’, की मात्र अर्थ होतो थोडक्यात आढावा. या ठिकाणी सूत्राने हात टेकले.

‘थ्री डेज रनिंग’ म्हणजे तीन दिवस धावत?

नाही, सलग तीन दिवस. संख्येनंतर ‘रनिंग’ आलं की ‘सलग’ किंवा ‘ओळीने’. ‘रनिंग टोटल’ म्हणजे चालू बेरीज. ‘रनिंग वॉटर’ म्हणजे घरांच्या जाहिरातीत नळाचं पाणी आणि निसर्गाच्या वर्णनात वाहतं पाणी.

‘रनिंग कॉमेंटरी’ला आपण ‘धावतं समालोचन’ म्हटलं आणि ते रुळलंही. पण उलट बाजूही बघा. आपण ‘धावती भेट’ देतो, तेव्हा इंग्रज ‘फ्लाइंग व्हिजिट’ देतो. तो उडतो, आपण धावतो. आणि ‘तो मदतीला धावून आला’ यातली जी माया आहे, ती कुठल्याही ‘रन’मध्ये बसवून दाखवा.

‘रन ड्राय’, ‘रन लो’, ‘रन वाइल्ड’ यांत धावण्याचा काय संबंध?

आता जवळपास काहीच नाही. इथे ‘रन’ म्हणजे नुसतं ‘होणे’. विहीर आटली, साठा कमी झाला, पोरं मोकाट सुटली. ‘आय ॲम रनिंग लेट’ म्हणणारा माणूस बहुतेक वेळा अजून घरातच असतो आणि बुटाची नाडी बांधत असतो.

‘आय हॅव रॅन’ चूक का?

रूपं ‘रन, रॅन, रन’ अशी आहेत. तिसरं रूप पहिल्यासारखंच. म्हणून ‘आय हॅव रन’. ‘कम, केम, कम’चंही असंच आहे, दोन्ही जोडीने लक्षात ठेवा.

‘रनर-अप’, ‘रन-ऑफ-द-मिल’, ‘रन द गाँटलेट’ यांच्या मागची कथा काय?

‘रनर-अप’ म्हणजे उपविजेता, पण हा शब्द आला कुत्र्यांच्या शर्यतींतून. सगळ्या फेऱ्या जिंकून फक्त शेवटची हरलेला कुत्रा तो ‘रनर-अप’. हे कळल्यावर उपविजेतेपदाचा सत्कार स्वीकारताना जरा चेहरा सांभाळावा लागतो.

‘रन-ऑफ-द-मिल’ म्हणजे सर्वसाधारण, त्यात विशेष काही नाही असं. गिरणीतून जसा निघेल तसा, प्रतवारी न केलेला माल. इथला ‘रन’ हा उत्पादनाचा एक घाणा. छपाईतली ‘प्रिंट रन’ त्याच कुळातली, एका वेळी छापलेल्या प्रती.

‘गाँटलेट’ची कथा चुकीतून घडलेली आहे. गाँटलेट म्हणजे चिलखती हातमोजा, मग हातमोजा धावायचा कसा? मूळ शब्द स्वीडिश ‘गाटलोप’. ‘गाटा’ म्हणजे गल्ली आणि ‘लोप’ म्हणजे धाव. शिक्षा झालेल्या सैनिकाला सहकाऱ्यांच्या दोन रांगांमधून जायला लावायचं आणि दोन्ही बाजूंनी फटके मारायचे. सतराव्या शतकात तीस वर्षांच्या युद्धाच्या काळात हा शब्द इंग्रजीत आला. इंग्रजांच्या जिभेवर तो बसेना, म्हणून ओळखीच्या हातमोज्याचं नाव त्याला चिकटलं. आज त्याचा अर्थ चहूबाजूंनी टीका झेलत पुढे जाणं. म्हणजे या वाक्प्रचारात धाव दोनदा होती, एक स्वीडिश आणि एक इंग्रजी. स्वीडिश धावेचा हातमोजा झाला.

आणि ‘रनवे’? विमानं येण्याच्या कितीतरी आधी तो हरणांसारख्या जनावरांच्या रोजच्या वाटेला म्हणत.

एवढे अर्थ असतील तर हा एक शब्द कसा? वेगवेगळे शब्द का नाही मानत?

मूळ एकच आहे म्हणून. ‘बॅट’ घ्या. वटवाघूळ आणि क्रिकेटची बॅट यांचं इंग्रजीत स्पेलिंग एक, उच्चार एक, पण मुळं वेगळी. ते दोन शब्द योगायोगाने सारखे दिसतात आणि शब्दकोशात त्यांच्या नोंदीही वेगळ्या असतात. ‘रन’चं तसं नाही. कुठल्याही अर्थापासून उलट चालत निघालात तर धावण्याच्या किंवा वाहण्याच्या जवळ येऊन पोहोचता.

याच शब्दावर इतके अर्थ का लादले गेले?

कारण तो जुना, आखूड आणि सतत वापरातला आहे. जॉर्ज झिफ या अमेरिकी अभ्यासकाने १९४५ साली दाखवून दिलं की जो शब्द जास्त वापरला जातो त्याचे अर्थही जास्त असतात. ‘रन’च्या बाबतीत यंत्रयुगाने मोठी भर घातली. इंजिनं, आगगाड्या, छापखाने, मग कॉम्प्युटर. नव्या यंत्राला नवं क्रियापद शोधण्यापेक्षा हाताशी असलेलं लावणं सोपं. आपणही मोबाइल ‘लावतो’, तो काही दिवा नाही.

शब्दकोशात इतक्या अर्थांतून मला हवा तो कसा शोधू?

आधी शब्दकोश कुठल्या जातीचा आहे ते बघा. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशासारखे ऐतिहासिक कोश सर्वांत जुना अर्थ आधी देतात. शिकणाऱ्यांसाठीचे कोश सर्वांत जास्त वापरातला अर्थ आधी देतात. रोजच्या कामाला दुसरा घ्या. मग ‘रन’चा कर्ता कोण आणि त्याच्यापुढे काय आलंय, हे दोनच प्रश्न विचारा आणि अर्थांपेक्षा उदाहरणांची वाक्यं वाचत खाली या. तुमच्या वाक्यासारखं वाक्य सापडलं की अर्थ सापडला. पहिलाच अर्थ उचलणाऱ्याचे रंग धावतात.

मराठीत असा एखादा शब्द आहे का?

आहे की, आणि तो आपल्याला दिसतच नाही कारण आपण त्यातच राहतो. ‘लागणे’. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, वेड लागतं, नोकरी लागते, फोन लागतो, निकाल लागतो, नंबर लागतो, वेळ लागतो, पैसे लागतात, कपड्याला डाग लागतो, कुणाचं बोलणं मनाला लागतं, दार लागतं, रडू लागतो, नातं लागतं, वाट लागते. यातलं कुठलं ‘लागणे’ नीट चिकटलंय आणि कुठलं नुसतं जाऊन आदळलंय, हे मराठी माणसाला कधी शिकवावं लागत नाही. नव्याने मराठी शिकणाऱ्याची मात्र तीच गत होते जी आपली ‘रन’पुढे होते.

माझ्याकडे मराठी शिकायला येणारी एक परदेशी मुलगी एकदा वर्गाच्या वेळेआधी आली. मी दारातच तिला हळू आवाजात म्हटलं, ‘जरा हळू बोल हं, बाळाचा आत्ताच डोळा लागलाय.’ तिचा चेहरा पडला. पर्स खाली ठेवून ती कुजबुजली, ‘फार लागलाय का? डॉक्टरांकडे नेलं?’